ओगलेबाईंची खरेदी

"केरबा, तुझ्या पेटीतला एक कोपरा माझ्यासाठी ठेव. कुणाला देऊ नकोस."

ओगलेबाई असं म्हणाल्या तेव्हा मी हाँगकाँगच्या एका हॉटेलच्या भटारखान्यात उकिडवा बसून पत्र्याची पेटी फडक्यानं पुसत होतो. म्हटलं, बाई, कोपरा कशाला, अर्धी पेटी घ्या, पण सामान तर दाखवा. तर म्हणाल्या, सामान अजून यायचंय.

याला आता बरीच वर्षं झाली. मी तेव्हा टूरचा आचारी होतो. आपली माणसं जग बघायला निघतात, पण संध्याकाळ झाली की त्यांना आमटी-भात आठवतो. म्हणून कंपनी मला बरोबर पाठवायची. जाताना माझ्या पेट्या तूरडाळ, पोहे, मसाले, लोणच्याच्या बरण्या यांनी गच्च भरलेल्या. टूर सरत आली की त्या रिकाम्या होत जायच्या, आणि ही बातमी पाशिंजरांना माझ्याआधी कळायची. मग एकेक जण हळूच भटारखान्यात डोकवायचा. महाराज, एवढा एक डबा राहील का. महाराज, ही बशी जरा डाळीच्या पोत्यात गुंडाळाल का.

काय काय घ्यायची माणसं. तिथं अंड्याच्या खुसखुशीत गुंडाळ्या मिळतात, पत्र्याच्या देखण्या डब्यात. भरतकामाच्या सपाता, कागदी पंखे, हातानं रंगवलेल्या बश्या. बांबूच्या उकडपात्रांना तर आपल्याकडच्या बायका नुसत्या तुटून पडायच्या. मोदकांना बरं, म्हणायच्या. सोलापूरच्या एका वहिनींनी तशी चार घेतली आणि मला दम भरला, दबली तर तुमच्याकडून भरून घेईन. दुसऱ्या एकीनं गुंडाळ्यांचा डबा घेतला आणि मग मला विचारलं, यात अंडं असतं का हो? म्हटलं, असतं. जरा विचार केला आणि म्हणाली, असू दे, शेजारी देऊ.

ओगलेबाईंनी मात्र काडीची खरेदी केली नव्हती. मिरजेच्या. दवाखान्यात नर्स होत्या, रिटायर झालेल्या. अंगानं काटकुळ्या, पण पाठ ताठ. बसमध्ये एकट्या बसायच्या. टूरवर पहिल्या दिवशी सगळे एकमेकांना विचारतात, तुमच्याबरोबर कोण? या सांगायच्या, मीच. सकाळी मात्र सगळ्यांच्या आधी माझ्याकडे यायच्या, कांद्याच्या खोक्यावर बसायच्या आणि माझा आल्याचा चहा घ्यायच्या. एक कप झाला की कप पुढं करायच्या, म्हणायच्या, अर्धा अजून. चहाची अशी तलफ मी दुसऱ्या बाईत बघितली नाही.

शेवटच्या दिवशी मॅनेजरनं सगळ्यांना बाजारात मोकळं सोडलं. ओगलेबाई माझ्याकडे आल्या, नवी कोरी नारायणपेठ नेसून. म्हणाल्या, "केरबा, तू भाजी आणायला गावात फिरतोस. मला एका दुकानात ने."

"काय घ्यायचंय?"

"माझी सून आहे तिथं."

दोन मजली ट्राममधनं आम्ही निघालो. वरच्या मजल्यावर बसलो आणि बाई बोलायला लागल्या. इतक्या दिवसांचं साठलेलं एकदम. मुलगा श्रीरंग इथं नोकरीला होता. इथलीच मुलगी केली, आ-लान तिचं नाव. ओगलेसाहेब म्हणाले, हा मला मेला. लग्नाला गेले नाहीत, बाईंना जाऊ दिलं नाही. पुढं साहेब गेले. आता जाऊन पोरांना भेटावं म्हणेपर्यंत श्रीरंगला साध्या तापाचं निमित्त झालं. सगळं इथंच उरकलं. बाईंना फोनवर कळलं.

तेव्हापासून ती पोर दर रविवारी फोन करायची. मी विचारलं, काय बोलता तुम्ही? बाई म्हणाल्या, काय बोलणार, ती विचारते जेवलात का, मी म्हणते जेवले, मग मी विचारते तू जेवलीस का. दोघींचं इंग्रजी तेवढ्यालाच पुरतं.

"आणि दिवाळीत काय म्हणाली माहितीय? म्हणाली, दुकान भावाच्या ताब्यात देते आणि मिरजेला येते. तुमच्याजवळ राहायला, कायमची. मी म्हटलं, थांब, आधी मी येते."

मग त्यांनी पर्स उघडून रुमालाची पुरचुंडी दाखवली. आत जुन्या जाड पाटल्या. सासूबाईंच्या, म्हणाल्या. "मला आता जगात कोण आहे केरबा? ही एकच. आज तिला आपली करून घेते."

म्हातारीचा चेहरा असा झाला होता, की मी बाहेर बघायला लागलो.

सुक्या मालाची पेठ होती ती. सुके मासे, सुकी अळंबी, खजूर, मुळ्या, सालपटं. वास असा, की आपल्या बोंबलाच्या बाजाराला सुगंधी म्हणावं. आ-लानचं दुकान अरुंद, छतापर्यंत काचेच्या बरण्या. ती आत तराजूशी होती. सून म्हटल्यावर मी चांगली पोक्त बाई डोळ्यांसमोर आणलेली. ही नुसती पोर. माझ्या धाकट्या बहिणीच्या वयाची, केस कापलेले, अंगावर ॲप्रन. बाईंना बघून हात पुसत पुढं आली आणि मध्येच थांबली. पाया पडावं का मिठी मारावी, तिलाही कळेना, यांनाही कळेना. शेवटी बाईंनी तिच्या गालावर तळवा ठेवला. तशाच उभ्या राहिल्या दोघी.

मग बसलो. समोर फळीवर श्रीरंगचा फोटो, पुढं संत्री आणि छोटे छोटे कप. ती बोलायला लागली. तिचं इंग्रजी माझ्यासारखंच मोडकं, मी आपलं मराठीत सांगतो. भावाशी बोलणं झालंय म्हणाली, कागदपत्रं झालीत, आता मदरनी हो म्हणायचं बाकी आहे. आत जाऊन एक ताट घेऊन आली. ताटात पोळ्या. श्रीरंगनं तिला शिकवलेल्या. मिरजेला यायचं म्हणून रोज करून बघायची. मनगटावर तव्याचा चटका बसलेला तो पण दाखवला, बक्षीस मिळाल्यासारखा. मी पोळी उलटीपालटी करून बघितली. कडा जरा जाड होत्या, पण पदर सुटला होता. तसं सांगितलं. ओगलेबाई हसल्या. त्या टूरवर त्या हसल्याचं मी पहिल्यांदा बघितलं.

तेवढ्यात समोरच्या काढ्याच्या दुकानातला एक जण रस्त्यावरनं तिला काहीतरी ओरडून बोलला. थट्टाच असावी. ती तिथूनच उत्तर देऊन खळखळून हसली. आणि हसता हसता तिची नजर त्या फळीवर गेली. फोटोकडे. तसं तिनं तोंडावर हात ठेवून हसू दाबलं.

ओगलेबाई बघत होत्या. पोळीचा तुकडा त्यांच्या हातात तसाच राहिला. त्यानंतर त्या नुसत्या त्या पोरीकडे बघत बसल्या.

ती आत गेली. बराच वेळ आली नाही. आली तेव्हा ॲप्रन काढलेला, केस विंचरलेले, अंगात लाल रेशमी जाकीट, गळ्यापर्यंत बटणं लावलेलं. हातात तबक, तबकात झाकणाचा एक कप. बाईंच्या पायाशी तिनं उशी ठेवली, त्यावर गुडघे टेकले आणि दोन्ही हातांनी कप वर धरला. मान खाली.

"मदर, चहा."

"नको गं," ओगलेबाई म्हणाल्या. "आत्ताच घेतला."

घेतला कुठला, सकाळी माझ्याकडे घेतला तेवढाच. पण मला काही वाटलं नाही. आपल्यात रीतच आहे, पाहुण्यानं आधी नको म्हणायचं, घरच्यानं आग्रह करायचा, मग घ्यायचं. मी पण घोट मिळेल म्हणून वाट बघत होतो.

पोरीनं कप जरा अजून वर केला. पुन्हा तेच म्हणाली.

"नको. मला चालत नाही चहा."

तरी तिनं कप खाली घेतला नाही. मला राहवलं नाही. म्हटलं, घ्या की बाई, पोर कधीची धरून बसलीय. ओगलेबाईंनी माझ्याकडे असं बघितलं, वॉर्डात गोंगाट करणाऱ्या नातेवाइकाकडे नर्स बघते तसं. पोर तशीच गुडघ्यावर. कपातली वाफ संपली. मग उठली, तबक घेऊन आत गेली, आणि आली तेव्हा जाकीट काढून ठेवलेलं होतं.

बाई एकदम मोठ्या, खुशीतल्या आवाजात म्हणाल्या, "बरं, आता मला घरी न्यायला काहीतरी दे. टूरवाले काय नेतात इथून, आठवण म्हणून?"

पोरीला आधी समजलं नाही. बाईंनी पुन्हा सांगितलं. मग तिनं शिडी लावली आणि सगळ्यात वरची एक बरणी काढली. आत संत्र्याच्या साली, काळपट, चामड्यासारख्या वाळलेल्या. तिथं या साली वर्षानुवर्षं मुरवतात, जेवढ्या जुन्या तेवढ्या भारी, रश्शात घालतात, काढ्यात घालतात. झाकण उघडलं तसा सगळ्या दुकानाचा वास मागं हटला. ही लग्नाच्या वर्षी भरली, पोर म्हणाली. विकायची नाही. मदरसाठी आहे.

"ती नको," ओगलेबाई म्हणाल्या. "गिऱ्हाइकांना देतेस ती दे."

पोरीनं बरणी छातीशी धरली होती, ती परत वर नेऊन ठेवली. खालच्या खोक्यातल्या साली काढल्या, तराजूत घातल्या, पुडा बांधला. पैसे घेईना, तर बाईंनी ते तराजूखाली सरकवले. पर्स त्यांनी तेवढ्यासाठीच उघडली. पाटल्यांची पुरचुंडी आत दिसत होती, ती त्यांनी बोटानं खाली दाबली.

दारात पोरीनं विचारलं, रविवारी फोन करू ना?

"कशाला उगाच खर्च," बाई म्हणाल्या आणि ट्रामकडे चालू लागल्या.

परत येताना मी बोललो. म्हटलं, बाई, रागावू नका, पण घ्यायचा होता चहा. ती दोनदा म्हणाली. बाई खिडकीबाहेर बघत होत्या. म्हणाल्या, नको होता मला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या भटारखान्यात आल्या नाहीत. कांद्याचं खोकं तसंच पडलेलं. मी चहा वर पाठवला, तो परत आला.

मुंबईला उतरल्यावर माझ्या पेट्यांभोवती ही गर्दी झाली. ज्यानं त्यानं आपापलं उचललं. सोलापूरच्या वहिनींची चारही उकडपात्रं शाबूत निघाली, तरी त्यांनी एकाचं बांधलेलं सोडून बघितलंच. शेवटी पेटीच्या कोपऱ्यात सालींचा तो पुडा राहिला. ओगलेबाई निघून गेल्या होत्या. मी फोन केला तर म्हणाल्या, विसरले नाही रे, ठेव तुला, आमटीत घाल.

मी काही घातला नाही.

पुढच्या हंगामात परत तीच टूर, तेच हॉटेल. त्या दिवशी तिथं लग्न होतं. तिथल्या भटारखान्यात लाम म्हणून एक म्हातारा आचारी होता, मला शेगडी द्यायचा, शिव्या द्यायचा आणि तंबाखूही द्यायचा. त्याच्याबरोबर पडद्याआडनं मी लग्न बघत होतो. नवरी लाल कपड्यात आली. समोर नवऱ्याची आई खुर्चीवर. नवरीनं उशीवर गुडघे टेकले, दोन्ही हातांनी कप वर धरला, मान खाली घातली. म्हातारीनं कप घेतला, घोट घेतला आणि नवरीच्या हातात सोन्याच्या बांगड्या चढवल्या. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

मी लामला विचारलं, हे काय? त्यानं सांगितलं, सासूनं चहा घेतला, आता ही त्यांची झाली. मी विचारलं, आणि नाही घेतला तर? लामनं माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी घाण बोललो. म्हणाला, नाही घेतला तर सून नाही. असं कुणी करत नाही.

माझ्या हातातला झारा गार पडला. म्हटलं, अरे देवा, आपल्या एका 'नको नको'पायी काय होऊन बसलं. म्हातारी भिडेनं नको म्हणाली आणि पोरीला वाटलं, हिनं मला टाकली. टूर संपेपर्यंत मला चैन नव्हतं. मुंबईहून गडहिंग्लजला घरी जायचं सोडून आधी मिरजेला उतरलो.

बाईंच्या दोन खोल्या, वरच्या मजल्यावर. दार उघडलं, मला बघून आनंदल्या. वाळल्या होत्या आणखी. मी बसायच्या आधीच सगळं सांगून टाकलं, ते लग्न, ती उशी, लाम काय म्हणाला ते. म्हटलं, बाई, अजून काही बिघडलं नाही, आत्ता फोन लावा, मी समजावतो तिला, आपल्यात कसं असतं ते.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "ठाऊक होतं रे मला."

काय ठाऊक होतं, मी विचारलं.

"श्रीरंगनं लग्नाच्या वेळी फोनवर सांगितलं होतं. म्हणाला, आई, इथं सासूनं चहा घेतला की लग्न पुरं होतं. तुझा कप तेवढा राहिला. कधीतरी येऊन घे."

"मग घेतला का नाही?"

"घ्यायलाच गेले होते मी. पाटल्या काय उगाच नेल्या होत्या?" त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या. "ती हसली बघ, त्या समोरच्याच्या बोलण्याला. किती गोड हसली. आणि फोटो दिसल्यावर तोंडावर हात ठेवला. तेव्हा मला माझी आत्या दिसली. एकोणिसाव्या वर्षी नवरा गेला तिचा. सासूनं फार प्रेमानं ठेवलं तिला. इतक्या प्रेमानं, की तिला कुठं जाताच आलं नाही. केस पिकेपर्यंत त्या सासूचे पाय चेपत बसली."

मी म्हटलं, पण बाई, ती स्वतः यायला तयार होती.

"म्हणूनच. तिच्यावर माया नसती तर मी घेतला असता चहा." म्हणाल्या, "इथं या दोन खोल्यांत माझं दुखणं काढलं असतं तिनं. मग मी गेले असते. मग काय, परक्या मुलुखात फोटो पुसत बसायचं? एक श्रीरंगचा आहेच, दुसरा माझा."

"आणि तुमचं काय?"

"माझं काय. मला सवय आहे." मग फोनकडे बोट दाखवलं. "दर रविवारी वायर काढून ठेवायचे. पहिले काही महिने. आता काढावी लागत नाही."

मी उठताना त्यांनी माझा हात धरला. नर्सचा हात, अजून घट्ट. म्हणाल्या, तू तिकडं जातोस, कधी गाठ पडली तर यातलं काही सांगायचं नाही. तिला वाटू दे, म्हातारी खाष्ट आहे. "माझी दया आली ना तिला, तर ती बॅग भरेल. राग येऊ दे. रागानं माणूस पुढं तरी जातं. शब्द दे, केरबा."

दिला.

त्यानंतरच्या टूरला मी त्या पेठेत जाणार नव्हतो. पण पाय गेले. दुकान तसंच होतं. शिडीवर एक चष्मेवाला माणूस चढून बरण्या पुसत होता, आणि आ-लान खालनं त्याला काहीतरी ओरडून सांगत होती. त्यानं चुकीचीच बरणी काढली तशी ती हसली. या खेपेला पुरतं हसली. श्रीरंगचा फोटो फळीवर होता, पुढं संत्री ताजी होती.

मी मागं वळणार तोवर तिनं मला बघितलं. ओळखलं. हसू गेलं. बाहेर आली आणि विचारलं, मदर कशा आहेत? म्हटलं, बऱ्या आहेत. जेवतात का? म्हटलं, जेवतात.

मग ती माझ्या अगदी जवळ आली. शिडीवरचा माणूस फडकं हातात धरून थांबला होता.

"अजून रागावल्या आहेत माझ्यावर?"

तिचे डोळे असे होते, की मी नाही म्हटलं असतं तर त्याच आठवड्यात ती मिरज स्टेशनावर उतरली असती. मला त्या दोन खोल्या दिसत होत्या. रविवारी न वाजणारा तो फोन दिसत होता. जिभेवर आलं होतं सगळं.

"हो," मी म्हटलं. "आहेत रागावलेल्या."

तिनं मान हलवली. मग ॲप्रनला हात पुसले आणि विचारलं, तुम्हाला काय देऊ?